वरच्या गल्लीची चावी

“गोरोबा, वरच्या गल्लीला आधी सोड. टाकी भरलेली असली तरच तिथं पाणी चढतंय. खालच्यांना मागनं बी पोचतंय.”

दगडोबामामांचं हे बोलणं मला अजून ऐकू येतं. मित्रांनो, मी एक जुनी, कमरेइतकी उंच लोखंडी चावी आहे. कुलपाची नव्हे, गावच्या पाण्याचा वॉल्व्ह फिरवायची. भूकंपानंतर सास्तूरच्या बाजूला गावं नव्याने वसली, तेव्हा लोहाऱ्याच्या एका भट्टीत माझा जन्म झाला. गावाला पाणी सोडणाऱ्या मामांनी मला वीस वर्षं फिरवलं. मग गोरोबाच्या हाती सोपवलं आणि वरच्या गल्लीला पहिलं पाणी, असा त्याच्याकडून शब्द घेतला.

त्या गल्लीतल्या म्हाळसाबाई पिंपळाला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालत नसत. हे व्रत चावीमुळे चालतं, असं म्हणून दर दसऱ्याला त्या मला हळद-कुंकू लावीत. माझ्यासारख्या लोखंडाला आणखी काय हवं?

मग मंदी आली. टाकी भरणारी मोटार तासभरच चालू लागली. ग्रामसभेत लोक चिडले, तेव्हा सरपंच द्वारकाबाईंनी शांतपणे सांगितलं, “सोयाबीनला भाव न्हाय, दुकानं थंड पडली. तुमची घरपट्टी, पाणीपट्टी कुठनं येणार? सरकारचा बी कर घटला, म्हणून आपला निधी अडकला. आन् पुण्यातली कामं सुटून माणसं माघारी आली, त्यांना बी पाणी पायजेच की. विजेचं बिल तर कमी होत न्हाय.”

“नळाला पाणी न्हाय, मग पट्टी कशाची?” किराणावाले शरणबसप्पा म्हणाले. लोक हसले आणि घरी जाऊन खरंच पट्टी भरायचं थांबले. आमच्या गावाची चूक झाली ती इथं. पंचायत आणखी रिकामी झाली. गोरोबाचा पगार तीन महिने थकला. खालच्या गल्लीचा ओरडा नको म्हणून तो आधी तिलाच पाणी सोडू लागला. वरचे नळ कोरडे पडले.

दसऱ्याच्या सकाळी त्याने मला पंचायतीतल्या खिळ्याला अडकवलं. उमरग्याला ट्रक भरायचं काम मिळालं होतं. पिशवी उचलणार, तोच म्हाळसाबाई आल्या. लांबच्या बोअरवरून आणलेल्या तांब्यातल्या पाण्याने त्यांनी मला धुतलं, कुंकू लावलं.

गोरोबा खाली बघून म्हणाला, “मावशी, तुमच्याकडं पाणीच येत न्हाय. पूजा कशाला?”

“तीस वर्सं दिलं की हिनं. चार महिने न्हाय दिलं म्हणून इसरू व्हय? काल पट्टी बी भरली म्या. मोटार काय आशीर्वादावर चालंल?”

दारात उभे असलेले शरणबसप्पा ओशाळले. “माझी बी पावती फाडा,” असं दसऱ्याच्या पूजेला आलेल्या ग्रामसेवकांना हळूच म्हणाले.

मित्रांनो, मी त्या माउलीची फार ऋणी आहे. तुमचं गाव अडचणीत असेल तेव्हा त्याचा हात सोडू नका. नळ वाहता ठेवू नका आणि पाणी सोडणाऱ्या माणसाची आठवण ठेवा.

गोरोबाने पिशवी कोपऱ्यात ठेवली, दगडोबामामा घेत तसं मला खांद्यावर घेतलं आणि वरच्या गल्लीच्या वॉल्व्हकडे चालू लागला.