भाडेकरूच्या घरचं पाणी

घर हातचं गेलं हे दौलतरावांना कळलं तो दिवस बनूबाईच्या वर्षश्राद्धाचा होता. भटजी नुकतेच जेवून गेले होते. बनूबाईची धाकटी बहीण चंद्री पहाटेच बारवीकडच्या पाड्यावरून आली होती आणि मोरीत खिरीचं पातेलं घासत होती. तेवढ्यात जर्मनीहून सुयोगचा फोन आला. दौलतरावांना वाटलं, पोराला आईची आठवण आली असेल. फोन त्यासाठी नव्हता.

"बाबा, तो म्हातारा जात नाही म्हणतोय."

"कोण म्हातारा?"

"आपला भाडेकरू. लायपझिगच्या फ्लॅटमधला. वकील म्हणतो, त्याला काढता येत नाही. मरेपर्यंत राहू शकतो."

"असं कसं? करार अकरा महिन्यांचा असतो ना?"

"इथे अकरा महिने वगैरे नसतं, बाबा. एकदा दिलं की दिलं."

"मग घर घेताना काय झोपला होतास?"

आवाज एवढा चढला की चंद्री हात पुसत बाहेर आली आणि खाटेच्या कडेला टेकली. दौलतराव तिच्यावर खेकसले, "खाटेवर नको!"

ती उठली. "उठले हो. पोराचा राग माझ्यावर नका काढू, भावजी. बहीण माझी पण होती."

ती खाट बनूबाईची होती. वर्षभर दौलतराव तिच्याशेजारी जमिनीवर अंथरूण टाकत होते.

बुवापाड्यातल्या भाड्याने दिलेल्या सहा खोल्या आणि सातवी स्वतःची, हे सगळं बनूबाईने उभं केलं होतं. दौलतराव कारखान्यात फिटर होते. पगार त्यांनी आणला, पण विटा, पत्रे, गवंडी, सगळं तिने बघितलं. सकाळी पाण्याचा वॉल ती उघडायची, भांडण ती सोडवायची. आणि तिचा एक नियम होता. खोली मागायला कुणी आलं की ती त्याला खोली दाखवण्याआधी त्याच्या आताच्या घरी जायची आणि पाणी मागायची. पाणी पिता पिता घर बघायची. माणसं एकमेकांशी कशी बोलतात, म्हातारी कुठल्या कोपऱ्यात बसवली आहे, मोरी कशी ठेवली आहे. मग घरी येऊन एकच शब्द बोलायची, द्या किंवा नको. खोली खाली करून घ्यायची असली तरी तेच. आधी जाऊन पाणी प्यायची, मग बोलायची. दौलतराव चेष्टा करायचे, "तू मालकीण आहेस की सोयरीक बघणारी?" ती म्हणायची, "तेच ते. वाईट सून आणि वाईट भाडेकरू, दोन्ही काढता येत नाहीत."

ती गेल्यावर दौलतरावांना भाडं मागायला जाववेना. ज्या दारात जावं तिथली बाई डोळ्याला पदर लावायची. सुयोग क्रियाकर्माला आला होता तेव्हा त्याने हे पाहिलं. तो आणि त्याची बायको शलाका लायपझिगला स्वतःच भाड्याच्या घरात राहत होते. तो म्हणाला, "या खोल्यांमध्ये काय ठेवलंय? हे विकू आणि युरोपात भाड्याने द्यायला घर घेऊ. एक शिकवणारा माणूस आहे, चला ऐकायला."

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका हॉलमध्ये तो माणूस बोलत होता. सगळे त्याला सर म्हणत. अंगात कोट, हॉलमध्ये एसी, मागे समोसे. भाड्याने दिलेलं घर म्हणजे कधी न झोपणारा मुलगा, सर म्हणाले. तुम सोते रहो, वो कमाएगा. दौलतरावांना तेव्हाच राग यायला हवा होता. वॉल उघडायला बनूबाई कधी झोपून राहिली नव्हती. पण आपलं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, असं ते आता स्वतःला सांगत. सर पुढे म्हणाले, नवशिक्याने पहिलं घर भाडेकरू बसलेलंच घ्यावं. स्वस्तात मिळतं आणि भाडं पहिल्या दिवसापासून चालू. पुढे त्याला काढा, रंग द्या, दुप्पट भाड्याने द्या. हॉलमधल्या प्रत्येकाने मनात अकरा महिने धरले. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचा, मग सगळीकडे तसंच असणार. वांगी स्वस्त मिळाली तर बाई आधी देठ उलटून कीड बघते. इथे घर स्वस्त का, हे एकानेही विचारलं नाही.

खोल्या उल्हासनगरच्या हरेश नावाच्या सिंधी माणसाने घेतल्या. त्याला तिथे बिल्डिंग बांधायची होती. "काका, दिवाळीपर्यंत आरामात राहा, साईं," असं तो म्हणाला आणि त्याने शब्द पाळला. लायपझिगचं घर झाल्यावर उरलेल्या पैशांत दौलतरावांना सोनिवलीला एक छोटा फ्लॅट घ्यायचा, असं ठरलं होतं. टोकनही दिलं होतं.

फोनवर सुयोगने उरलेलं सांगितलं. म्हाताऱ्याचं भाडं जुनं, बँकेच्या कर्जाच्या हप्त्याला पुरत नाही. वाढवायचं तर कायद्याने चमचाभर वाढतं. त्यात बिल्डिंगचं छप्पर बदलायचं निघालं, त्याचा वाटा मालकाने द्यायचा. म्हणून सोनिवलीचे पैसे तिकडे गेले होते.

"गेले? मला न विचारता?"

"उपाय आहे, बाबा. मालकाच्या घरच्या माणसाला राहायला घर हवं असेल तर भाडेकरूला काढता येतं. तुम्ही इथे कायमचे राहायला येणार, असं लिहून द्या. तो निघाला की दोन महिने राहा आणि परत जा. मग भाडं दुप्पट आणि तुमचं सोनिवली पक्कं."

"म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं कुठे? दिवाळीनंतर तुम्हाला तरी घर कुठे आहे?"

हे पोटचं पोर बोललं. दौलतरावांनी फोन आपटला नाही, कारण नवा घ्यायला जमलं नसतं. ते म्हणाले, "तू त्या माणसाला बघितलंयस का?"

"कशाला? एजंटने फोटो पाठवले होते. आणि मला त्याची भाषा येत नाही."

"शलाकाला येते. तिला म्हणावं, त्याच्या घरी जा आणि पाणी माग. मला फोनवर दाखव. मग बघतो लिहायचं."

"बाबा, हे बुवापाडा नाही!"

"म्हणूनच बुडालास."

शलाका दुसऱ्याच दिवशी गेली. ती पोरगी शहाणी. चंद्री अजून मुक्कामाला होती. दोघं फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून बसले. पडद्यावर एक उंच, वाळका म्हातारा दिसला. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, भुवया पांढऱ्या, चेहरा असा की सकाळीच कुणाशी तरी भांडून आला असावा. शलाकाने पाणी मागितलं तेव्हा त्याने नळाखाली कप धरला आणि तिच्यासमोर आदळला.

"काय म्हणतोय?" दौलतरावांनी विचारलं.

"म्हणतोय, तुम्ही पाचवे मालक. आधीच्या चौघांनी मला काढायला बघितलं. चौघेही गेले, मी आहे."

"माज आहे मेल्याला," चंद्री म्हणाली.

शलाकाने बसायला खिडकीजवळची खुर्ची ओढली. म्हातारा एकदम ओरडला. ती दचकून बाजूला झाली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"काय झालं गं?"

"ही खुर्ची नको म्हणतोय, बाबा. इल्झेची आहे."

"ती कोण?"

"बायको त्याची. वारली."

चंद्री फोनमध्ये डोकावली. "बरा आहे की. तुमच्यासारखाच खेकसतो."

म्हातारा आता फोनकडे बोट करून काहीतरी विचारत होता.

"काय विचारतोय?"

"विचारतोय, हाच का तो, जो माझ्या घरात राहायला येणार आहे? त्याला माहीत आहेत या युक्त्या, बाबा. म्हणतोय, मागच्या मालकाने आई येणार असं लिहिलं होतं. आई कधीच मेलेली होती."

दौलतरावांना राग आला. राग कुणाचा ते त्यांचं त्यांनाच कळेना. त्या सराचा, सुयोगचा, त्या गुरगुरणाऱ्या म्हाताऱ्याचा, की खाट रिकामी टाकून निघून गेलेल्या बनूबाईचा. ती असती तर पाणी पिऊन एक शब्द बोलली असती आणि विषय संपला असता.

"सांग त्याला, नाही."

"बाबा, तसं सांगितलं तर मग घर सोडायची नोटीस..."

"सांग म्हणतो ना! मी येणार नाही. लिहूनही देणार नाही."

शलाकाने एक छोटा शब्द उच्चारला. म्हाताऱ्याने फोनकडे निरखून पाहिलं, मग तिच्या हातातला कप घेतला आणि विसळायला लागला. आभार वगैरे काही नाही.

तासाभरात सुयोगचा फोन आला.

"माझ्यापेक्षा तो गोरा तुम्हाला जवळचा झाला?"

"जवळचा कसला? भाडं देतो चिंचोक्याएवढं आणि वर डोळे वटारतो. मला त्याचाही राग आलाय. पण माझं नाव पुढे करून त्याला काढायचं नाही."

"मग छपराचं काय करू? हप्त्याचं काय करू?"

"विक ते घर."

"भाडेकरूसकट कोण घेणार?"

"तू घेतलंस तसा कुणीतरी घेईल. त्या सराकडे जा, हॉल भरलेला असतो."

सुयोग म्हणाला, "आई असती तर तिने माझी बाजू घेतली असती."

"तुझी आई असती तर तू आधी त्याने कप आदळून दिलेलं पाणी प्यायला असतास, मगच घर घेतलं असतंस. तिचं नाव घेऊ नकोस." आणि फोन दौलतरावांनी बंद केला.

चंद्री दुसऱ्या दिवशी पाड्यावर परत गेली. जाताना म्हणाली, "माझ्याकडे या. दोन खोल्या आहेत, एक तुमची. खाट पण मावंल." दौलतराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. सोनिवलीच्या बिल्डरने टोकन परत द्यायला नकार दिला, तेव्हा त्यालाही ते शिव्या देऊन आले. हरेश येऊन दिवाळीची आठवण करून गेला. चांगुलपणाने बोलला, त्याचाही त्यांना रागच आला.

सुयोगने त्यानंतर फोन केलेला नाही, दौलतरावांनीही नाही. लायपझिगचं घर विकलं गेलेलं नाही. इथली खोली दिवाळीनंतर सोडायची आहे, आणि बनूबाईची खाट कुठे न्यायची ते अजून ठरलेलं नाही.