खोडून जे उरते

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे, कीबोर्डचे. वरच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात असते ते, बॅकस्पेस. माझ्यावर डावीकडे तोंड केलेला एक बाण होता. बोटे लागून लागून तो पुसला गेला. आता मला दाबले की मी लगेच वर येत नाही. गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या माणसासारखा मला वेळ लागतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात गेले आणि माझ्यासारखी पुष्कळ बटणे एकदम बाहेर पडली. तपासणीच्या टेबलावर यंत्राचे एक बोट आम्हाला ठोकत राहायचे. टिकतील ती पुढे जायची. मी टिकले. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

माझी पहिली नोकरी एका छापखान्यात होती. तिथे पुस्तकांची मुखपृष्ठे करणारे एक चित्रकार होते. सगळे त्यांना सर म्हणत. छापखान्यात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा सर निवृत्त झाले, आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. त्याच्याबरोबर मीही आले. घर दोन खोल्यांचे. खिडकीशी टेबल, टेबलावर आम्ही आणि शेजारी एक वेताची खुर्ची. त्या खुर्चीत सरांच्या पत्नी बसायच्या. त्यांनी सारे आयुष्य मुलांना पोहायला शिकवले होते. तलावावरची मुले त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही म्हणते. ओरडून ओरडून काकूंचा आवाज घोगरा झाला होता. घरातसुद्धा त्या पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलावे तशा बोलायच्या.

जवळच्या वाचनालयात दरवर्षी मुलांची चित्रस्पर्धा असायची. चित्रे कागदावर नाहीत. मोबाइलवर, टॅबवर किंवा कॉम्प्युटरवर काढायची. परीक्षक आमचे सर. नंबर द्यायचेच, पण प्रत्येक चित्राखाली एक रिकामी चौकट असायची. तिच्यात अभिप्राय लिहायचा, आणि तो त्या मुलाला जायचा.

माझे खरे काम तिथे सुरू झाले. सर लिहायचे, काकू शेजारी मटार सोलत ऐकायच्या.

"अहो, काय लिहिलंत? वाचा की."

"'चित्र निर्जीव वाटते.'"

"बरं. मग त्या पोरानं उद्या उठून काय करायचं? जीव आणायचा कुठून, दुकानातून?"

"तूच बस माझ्या जागी."

"मी बसले तर सगळ्यांना पहिला नंबर देईन. म्हणून तर तुम्हाला बसवलंय. अहो, गटांगळ्या खाणाऱ्या मुलाला मी 'तू बुडतोयस' असं सांगते का? ते त्याला माहीतच असतं. पाय सरळ ठेव, असं सांगते. खोडा ते."

सर मला दाबायचे. मग ते चित्र पुन्हा बघायचे आणि लिहायचे, 'घराची सावली डावीकडे पडली आहे आणि झाडाची उजवीकडे. सूर्य एकच ठेव.' ते वाचून दाखवले की काकू एक मटार तोंडात टाकायच्या. म्हणजे पास.

"आणि वरचं ते 'छान' पण खोडा."

"आता 'छान'नं तुझं काय घोडं मारलंय?"

"छान म्हटलं की मूल काठावर बसून राहतं. काय छान ते सांगा, नाहीतर खोडा."

मित्रांनो, तुम्ही मराठीत टाइप केले असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. 'सुंदर' हा शब्द मी एका फटक्यात खोडू शकत नाही. आधी र जातो, मग द, मग अनुस्वार, मग उकार. शेवटी एकटा स उरतो, तोही जातो. असे किती सुंदर आणि किती वाईट मी गिळले असतील. माझा बाण पुसला गेला तो याच वर्षांत. लोकांना वाटते की मी नासधूस करणारे बटण आहे. पण त्या घरात माझ्याइतका मान दुसऱ्या कुठल्याच बटणाला नव्हता.

मग काकू आजारी पडल्या. खुर्चीतून पलंगावर गेल्या, पलंगावरून दवाखान्यात, आणि तिथून परत आल्या नाहीत.

त्याच सुमारास स्पर्धेची चित्रे आली. सर टेबलाशी बसले. पहिल्या चित्राखाली त्यांनी लिहिले, 'रंगसंगती छान. असाच सराव चालू ठेव.' वाचून दाखवायला कोणी नव्हते. त्यांनी ते वाक्य कॉपी केले आणि पुढच्या चित्राखाली चिकटवले. मग त्याच्या पुढच्या. चित्र नीट उघडण्याआधीच वाक्य चिकटलेले असायचे. मला एकदाही हात लागला नाही. मला आराम मिळाला, पण असा आराम शत्रूलाही मिळू नये.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला.

"सर, रागावू नका. मुलांनी एकमेकांचे अभिप्राय वाचले. सगळ्यांना एकच. आणि एक पोरगं चुकून कोरंच पान पाठवून बसलं होतं, त्यालाही 'रंगसंगती छान' गेलंय. पोरं हसून लोळतायत."

"कोऱ्या पानाची रंगसंगती बिघडणार कशी, बाई?" सर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "पुढच्या वर्षी झेपणार नसेल तर तसं सांगा. मी बघते कुणीतरी."

पुढचे वर्ष आले. सरांची मुलगी त्यांच्याकडे जेवण घेऊन यायची. ती म्हणाली, "बाबा, नाही म्हणून टाका ना. कशाला जिवाला त्रास?"

"बघतो एकदा," सर म्हणाले. दिवसभर ते हेच म्हणत. पंखा दुरुस्त करायचा का? बघतो. दाढी करायची का? बघतो.

दुपारी त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. आठवीतल्या एका मुलीचे चित्र उघडले. मोठी बहीण धाकटीची वेणी घालते आहे, असे चित्र होते. त्याच्याखाली मुलीने लिहिले होते:

'हे मागच्या वर्षीचेच चित्र आहे. मी यात काहीही बदललेले नाही. यात काय चुकले आहे ते कोणी सांगितले तर मी दुरुस्त करीन. या वर्षीही छान म्हणाल तर मी समजेन की माझी चित्रे कोणी बघत नाही. मग मी चित्रे काढणे बंद करणार आहे.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सवयीने लिहिले, 'सुंदर.' मग मला दाबले. कितीतरी महिन्यांनी दाबले. मी खाली गेले आणि वर यायला उशीर केला. वाटले, मेलेच आता. पण आले वर.

'कल्पना चांगली आहे.' खोडले. 'सफाई कमी आहे.' खोडले. चौकट रिकामी झाली. नुसती उभी रेघ लुकलुकत होती. लिहिण्यासारखे काही उरले नव्हते, कारण त्यांनी चित्र अजून पाहिलेलेच नव्हते. आता पाहण्यावाचून इलाज नव्हता.

त्यांनी चित्र मोठे केले. एका कोपऱ्यापासून हळूहळू सरकत गेले. आधी केस, मग कान, मग धाकटीचा चेहरा. मग एकदम वेताच्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "अगं, पण ही वेणी घालतंय कोण?"

खुर्ची रिकामी होती. सरांनी तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवले. मग ते लिहू लागले.

'धाकटीचा डावा डोळा बारीक झाला आहे. केस ओढले गेले की तो असाच होतो. हे तू कोणाकडे तरी बघून काढले आहेस. मोठीचे हात मात्र तू डोक्यामागे लपवले आहेस, त्यामुळे वेणी आपोआप गुंफली जाते आहे असे वाटते. बाकी चित्राला धक्का लावू नकोस. नवा लेयर घे आणि त्याच्यावर फक्त ते दोन हात काढ.'

लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागदच म्हणा ना. सरांनी पुढे लिहिले, 'हात चुकले तर तेवढा लेयर पुसता येतो. खालचे चित्र तसेच राहते.'

इथे ते थांबले. मग एकेक अक्षर शोधत लिहिले, 'मागच्या वर्षी मी तुझे चित्र पाहिले नव्हते.'

त्यांचे बोट माझ्यावर येऊन टेकले. मला त्या बोटाचे वजन कळत होते. एवढे वाक्य मी खोडले असते तर कोणाला काही कळले नसते. परीक्षकाने चूक कशाला कबूल करायची? बोट बराच वेळ तसेच राहिले. पण त्याने मला दाबले नाही. ते उचलले गेले आणि सरांनी आणखी एक वाक्य जोडले. 'त्या दिवसांत माझी पत्नी गेली होती.'

मग त्यांनी सगळे मोठ्याने वाचले. शेवटचे वाक्य त्यांनी पुन्हा वाचले. ते स्वतःशीच म्हणाले, "मग त्या पोरीनं उद्या उठून काय करायचं?"

त्यांनी मला दाबले. 'होती' गेले. 'गेली' गेले. पडद्यावर उरले, 'त्या दिवसांत माझी पत्नी'. तिथे त्यांचा हात थांबला. मित्रांनो, मी आयुष्यभर शब्द खोडले, पण तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपण अडकावे, जाम व्हावे. जुनी बटणे होतात तशी. मी झाले नाही. ती ओळ मी पुरी खोडली. आधीची ओळ राहिली, आणि सरांनी अभिप्राय पाठवला.

काही दिवसांनी ग्रंथपालबाईंचा फोन आला. सरांची मुलगी तेव्हा घरीच होती.

"सर, ती वेणीवाली पोरगी चिडलीय तुमच्यावर."

सर खुर्चीत ताठ झाले. "का? फार लागलं का तिला?"

"लागतंय कुठलं! इथं येऊन उभी आहे. म्हणते, हात काढ असं लिहिलं, पण केस धरताना अंगठा वरून येतो की खालून, ते नाही लिहिलं. आणि तो लेयर तिनं सात वेळा पुसलाय म्हणे. विचारून सांगा म्हणाली, आत्ताच्या आत्ता."

सर आपल्या मुलीला म्हणाले, "बस गं जरा. तुझी वेणी घालून बघतो."

"बाबा, माझे केस मानेपर्यंतसुद्धा नाहीत. वेणी काय, शेंडीपण व्हायची नाही!"

मग बुटांच्या नाड्या आल्या. मुलीने त्यांचे एक टोक धरले आणि सर त्या एकमेकींत गुंफू लागले. पहिल्यांदा गाठ बसली. त्यांनी ती सोडवली आणि पुन्हा सुरुवात केली, स्वतःच्याच अंगठ्याकडे टक लावून, परक्याचा अंगठा बघावा तसे. फोन चालूच होता. पलीकडे ती वेणीवाली मुलगी वाट बघत होती.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझ्या जागी लवकरच नवा कीबोर्ड येईल, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही आमच्यावर चिकट बोटे लावू नका, चहा सांडू नका, एवढे तर सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातले कोणी दमलेले माणूस कधी दुसऱ्याचे काम मन लावून बघत बसलेले दिसले, तर ताट वाढलंय म्हणून त्याला लगेच हाक मारू नका. जेवण पुन्हा गरम करता येते.