तोंडाऐवजी खांदा

शिवणघरात थोरल्या बाईंचा शब्द म्हणजे कापडावर चाललेली कात्री, माघार नाही. फार वर्षांपूर्वी धाकट्या जावेने गिऱ्हाइकासमोर एवढेच म्हटले होते, "जाऊबाई, खांदा जरा उतरतोय." खांदा खरोखरच उतरत होता, म्हणूनच ते वर्मी लागले. तेव्हापासून ना भांडण, ना आदळआपट, फक्त अबोला. "तिला सांगा, कॉलर टाचून ठेव." "तिला विचारा, अस्तर उरलंय का." ती हाताच्या अंतरावर बसलेली असे, तरी निरोप तिसऱ्याच्या तोंडून जाई.

आज ती दुसऱ्या दुकानात कामाला निघाली होती. आपली कात्री नि बोटातले अंगुस्तान पिशवीत भरत होती. तिने थांबावे, असे बाईंना आतून फार वाटत होते. पण ते ओठांवर आणायचे तर मान खाली घालावी लागली असती.

शेजारी नात अभ्यासाला बसली होती. "आजी, कोल्ड शोल्डर म्हणजे काय गं?"

"शिंपिणीची नात ना तू? बाही लावायची आणि नेमका खांदा उघडा सोडायचा. पैसे देऊन गारठायची हौस!"

कामावरच्या बायका खुसखुसल्या.

"तो कपडा झाला, आजी. हा इंग्रजी वाक्प्रचार आहे. माणसाला जा म्हणायचं नाही, पण आपल्यातही घ्यायचं नाही. म्हणे नकोशा पाहुण्याला मटणाच्या खांद्याचा गार तुकडा वाढायचे, म्हणजे तो उमजून उठायचा. सर म्हणतात, ही गोष्ट मागाहून रचलेली असावी. मूळ अर्थ साधाच. समोरच्याकडे तोंड करायचं नाही, खांदा करायचा."

बाईंनी आपल्या मशीनकडे पाहिले. ते त्यांनीच असे तिरपे लावून घेतले होते, की जावेच्या वाट्याला त्यांचा उजवा खांदाच यावा.

जाऊ दारापर्यंत पोचली होती. हाक मारायला बाई वळल्या, आणि अडखळल्या. तिला काय म्हणून हाक मारावी, हेच जिभेला आठवेना.

"अगं, ऐकलंस का?"

सगळी मशीनं थांबली. नातीने मान वर केली, काज-बटणं करणारी पोरगी अर्धवट उठली. जाऊ तेवढी चपला घालत राहिली. तिने राग धरला नव्हता. या घरातले 'अगं' आपल्यासाठी असेल, हे तिच्या ध्यानीच आले नाही. तिने दार हलकेच ओढून घेतले.

"बोला ना, बाई," ती पोरगी म्हणाली, "मलाच म्हणालात ना?"