ब्रिटाच्या खिशातली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे हं मित्रांनो, दवाखान्यातली! कातडीला न टोचता कपडे कापता यावेत, म्हणून माझं टोक बोथट ठेवलेलं आहे. पोलादातून मी घडले, नारिंगी मुठी ल्याले आणि अमेरिकेत, उत्तर डकोटातल्या एका मोठ्या रुग्णालयात डॉ. ब्रिटा सोल्बर्गच्या खिशात येऊन पडले. ब्रिटा तिथं तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेत होती. जीन्स, बूट, गाडीचे पट्टे, बर्फानं ताठलेले कोट, काय काय कापलं म्हणून सांगू! "लोण्यात सुरी फिरावी तशी चालते ही," असं तिचे वरिष्ठ म्हणत, तेव्हा मी सुखावून जाई.

तिसऱ्या वर्षी ब्रिटाला सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात, स्वतःच्या जबाबदारीवर काम करायची परवानगी मिळाली. तिकडे याला मूनलाइटिंग म्हणतात. पण काम करायचं कुठं?

तिच्याबरोबर शिकणारा ड्वेन म्हणाला, "अगं, शहराबाहेरचा तो चकाचक दवाखाना घे. सर्दी-खोकला बघायचा, कॉफी ढोसायची. त्या केसल गावच्या दवाखान्यात गेलीस तर गाई तपासत बसशील!"

"गाई निदान थापा तरी मारत नाहीत," ब्रिटा म्हणाली आणि दोन्ही ठिकाणं पाहायला निघाली.

चकाचक दवाखान्यात तिनं व्यवस्थापकांना विचारलं, "एखादा रुग्ण मला एकटीला आवरेना, तर मदतीला कोण?"

"छे हो! तसलं आमच्याकडे येतच नाही."

खिशात तिची बोटं माझ्या मुठीवर आवळली, तेव्हाच मी ओळखलं, ही इथं येणार नाही.

केसल गाव दोन तासांवर होतं. सूर्यफुलांच्या शेतांमध्ये चार खाटांचा दवाखाना. आर्लीस हाउगेन तिथं तीस वर्षं परिचारिका होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, इथं सगळं येतं, आणि एकदमच येतं. डॉक्टर तू एकटीच. पण हे बटण दाबलंस की पडद्यावर शहरातले अनुभवी डॉक्टर हजर. कपाटं उघडून बघ, मगच हो म्हण."

ब्रिटानं एकूण एक कप्पा उघडला, नळ्या हाताळल्या, बटण दाबून पाहिलं. मग हो म्हणाली.

दुसऱ्याच शनिवारी भर दुपारी लाइल व्हेटर या शेतकऱ्याला आणलं. बैलानं त्याला फाटकावर चिरडलं होतं. ओठ निळे पडलेले, श्वास पुरेना. मला पाहून तो धापा टाकत म्हणाला, "शर्ट... नवा आहे..."

"गप रे लाइल!" बायको ओरडली. "श्वास लागलाय अन् म्हणे शर्ट!"

मी खालपासून कॉलरपर्यंत सरसर गेले. छातीची एक बाजू हलतच नव्हती. फुप्फुसाभोवती हवा कोंडली होती. आर्लीसनी बटण दाबलं, पण ब्रिटा थांबली नाही. तिनं जाड सुई आत घातली. फुस्स करून हवा सुटली.

"बरोबर. आता नळी घाल. मी इथंच आहे," पडद्यावरून आवाज आला.

असं एकटीनं ती पहिल्यांदाच करत होती, तरी तिनं नळी नेमकी बसवली. लाइलच्या ओठांवर लाली परतली. हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं, तेव्हा आर्लीस म्हणाल्या, "जमतंय हं, डॉक्टर!" ब्रिटा खुर्चीत बसली आणि पोटभर हसली.

शिक्षण संपल्यावर ती केसललाच राहिली. मी मात्र एकदा घाईत ओलीच कप्प्यात पडले आणि स्क्रूपाशी गंजले. पुढे एका मजुराचा बूट कापताना मी मध्येच अडले. तो कळवळला. आर्लीसनी दुसरी कात्री आणली आणि बूट निघाला, पण ती कळ माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते: काम झालं की हत्यार धुवा, पुसा, कोरडं ठेवा. गंजायला एक ओला दिवस पुरतो, आणि ज्याचा श्वास अडलेला असतो त्याच्यापाशी क्षणही शिल्लक नसतो.