आक्कासाहेबांची सोंगटी

बकुळाबाईंना या खेळातून काय मिळवायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. जिंकायचं नव्हतं. पडद्यावर चमकणारा तो सोनेरी कप तर मुळीच नको होता. तो कपाटात ठेवता येत नाही आणि त्यात चहाही ओतता येत नाही. त्यांना हवा होता रोज चार ते साडेचार असा अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात धारच्या आक्कासाहेबांचा आवाज. आठवड्याचे साडेतीन तास. देवासच्या घरात आठवडाभर त्यांच्याशी जेवढं बोललं जाई ते सगळं एकत्र केलं, 'भाजीत मीठ कमी आहे' आणि 'सिलेंडरवाला आला होता का' धरून, तरी एवढं भरलं नसतं.

आक्कासाहेब म्हणजे सगुणाबाई, बकुळाबाईंची थोरली नणंद. वय त्र्याहत्तर. माघात न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून पलंग, वॉकर आणि खिडकी एवढंच त्यांचं राज्य उरलं. नणंद-भावजयीचं जमतं म्हटलं तर लोक हसतात, पण या दोघींचं जमायचं. अडचण एकच होती. आक्कासाहेब ज्या घरात वाढल्या त्या घरातला फोन जन्माच्या नाहीतर मरणाच्या बातमीलाच वाजायचा. बकुळाबाईंनी सहज म्हणून फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येई, "कोण गेलं?" कुणी गेलं नाही म्हटलं की, "बरं, मग ठेवते."

इंदूरला नोकरी करणाऱ्या बकुळाबाईंच्या लेकीनं, ऋतिकानं, यावर तोड काढली. फोनवरचा लुडो. चौघांची खोली करायची, माइक चालू ठेवायचा, आपापल्या घरी बसून खेळायचं. आक्कासाहेबांना ते पटलं, कारण हाताला काम होतं. तांदूळ निवडताना बोललेलं चालतं, नुसतं बसून बोललेलं चालत नाही. एकदा फासा पडू लागला की त्यांची जीभ मोकळी व्हायची. पुरणात जायफळ की वेलची, धाकट्या पातीच्या कोणत्या घरातली मुलगी कोल्हापूरला दिली आणि ती तिथे का नांदली नाही, हे सगळं त्या लाल सोंगटी पुढे सरकवत सांगायच्या.

चौथी जागा आक्कासाहेबांच्या मुलाची, राजवर्धनची. तो धारला बियाणांच्या दुकानातून खेळायचा, म्हणजे खेळायचा नाही. "मामीसाहेब, एक मिनिट," म्हणायचा आणि मग माइकवर ऐकू यायचं, "भिया, सोयाबीन का बीज परसों आएगा, धरमपुरी से मत आओ रोज-रोज." तोवर त्याची पाळी निघून जायची आणि यंत्रच त्याच्या वतीनं फासा टाकायचं. यंत्र त्याच्यापेक्षा बरं खेळायचं. कुणाची तक्रार नव्हती.

दोन महिने झकास गेले. मग ऋतिकाच्या मीटिंगा चारला होऊ लागल्या आणि तिची जागा रिकामी पडली. बकुळाबाईंचे यजमान मानाजीराव नुकतेच वीज कंपनीतून निवृत्त होऊन घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. "अहो, बसा की जरा आमच्यात," असं बकुळाबाई स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या. ही चूक त्यांचीच, दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येणार नाही.

पहिल्या दिवशी मानाजीराव हरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम वाचून काढले. चौथ्या दिवशी वही आली. देवासला एकेकाळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघांच्या हद्दी एकाच गावातून जायच्या. अशा गावात चार पिढ्या काढलेला माणूस कुणाची सोंगटी कुणाच्या घरात शिरली यावर डोळा ठेवून असतो, यात नवल नाही. पण मानाजीरावांनी कमाल केली. आठव्या दिवशी घरच्या ग्रुपवर निरोप आला : 'खेळाडूंनी ३.५५ ला हजर राहावे. माइकचा वापर खेळापुरताच करावा.'

"मान्या," त्या दिवशी आक्कासाहेब म्हणाल्या, "तू अजून कचेरीत आहेस का?"

"आक्कासाहेब, बोलण्यात लक्ष जातं. मघाशी तुमचा सहा वाया गेला."

"जाऊ दे. सहा परत पडेल. तर बकुळा, मी काय सांगत होते..."

"राजवर्धन, तुझी पाळी."

"मामासाहेब, गिऱ्हाईक है."

"मग जागा सोड. ही गैरहजेरी आहे."

बकुळाबाई सोंगटी सरकवत होत्या आणि मनात म्हणत होत्या, आजचा अर्धा तास वीस मिनिटांवर आला.

सायंकाळी त्यांनी ऋतिकाला फोन लावला. "तुझे बाबा सकाळी अनोळखी लोकांबरोबर सराव करतात."

"काय सांगतेस?"

"काल रायपूरच्या कुणा पोराला लिहिलं, तुमची चाल बेजबाबदार होती."

ऋतिका हसली. "आई, हा टाइमपास गेम आहे. लोक बसमध्ये बसून खेळतात. इतकं जीव तोडून खेळणाऱ्याला तिथे येडा समजतात."

"तू सांग ना त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, बससुद्धा चालकानं मन लावूनच चालवायची असते."

नवऱ्याच्या म्हणण्यात असा थोडा खरेपणा नेहमी असायचा. पस्तीस वर्षांत त्यांना शीण आला होता तो त्या थोड्याचाच.

आणि त्यांचंही एक होतं, जे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. या घरात दिवाळीच्या पाडव्याला सोंगट्यांचा पट मांडायची रीत होती. बकुळाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच पाडव्याला त्यांच्या कानात सांगितलं होतं : लेक माहेराहून हरून जात नाही. माहेरवाशिणीची सोंगटी समोर आली तरी मारायची नाही, दुसरी चालायची, आणि मुद्दाम सोडली ते कुणाला कळू द्यायचं नाही. भावजयीनं तर नाहीच नाही. फोनवरचा पट हा कुणाचं माहेर आणि कुणाचं सासर, हा प्रश्न बकुळाबाईंना पडलाच नाही. आक्कासाहेब समोर होत्या, लाल सोंगटी टप्प्यात होती, आणि हात आपोआप दुसऱ्या सोंगटीकडे गेला. पहिल्या दिवसापासून तसाच जात होता.

आक्कासाहेब जिंकत होत्या. रोज नाही, पण पुष्कळदा. आणि बकुळाबाईंना तेही हवंच होतं, कारण जिंकलेल्या आक्कासाहेब खेळ संपल्यावरही दहा मिनिटं बोलायच्या.

मानाजीराव खेळू लागल्याला महिना पुरा झाला त्या रविवारी त्यांनी खेळ सुरू होण्याआधी घसा साफ केला. चष्मा लावला. वही उघडली.

"एक गोष्ट सर्वांसमोर आणायची आहे," ते म्हणाले. "या महिन्यात सव्वीस डाव झाले. त्यात आक्कासाहेबांची सोंगटी मारायची संधी बकुळाला अडतीस वेळा आली. मारली शून्य वेळा. माझी सोंगटी मात्र एकवीस वेळा मारली."

"अहो," बकुळाबाई म्हणाल्या, "वही मिटा."

"मी आरोप करत नाही. आकडे सांगतो. हा चौघांचा खेळ आहे, यात दोघींची जोडी चालत नाही. आक्कासाहेबांचे अकरा विजय आहेत, त्यातले नऊ असेच आलेले."

"मामासाहेब, जाने दो ना," राजवर्धन दुकानातून म्हणाला. त्या क्षणी त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, हे बकुळाबाईंचं दुर्दैव. नाहीतर यंत्रानं फासा टाकला असता आणि बोलणं तिथेच बुडालं असतं.

आता आक्कासाहेबांनी विचारलं.

"बकुळा, खरं का हे?"

खोटं बोलता आलं असतं. बकुळाबाईंना सुचलं नाही. "माहेरवाशिणीची सोंगटी मारत नाहीत, आक्कासाहेब. सासूबाईंनीच शिकवलं होतं."

"मला ठाऊक आहे. मी त्याच घरची लेक आहे." आक्कासाहेबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पाडव्याला मी चार दिवसांची पाहुणी असायचे. तुम्ही मला जिंकवायच्यात, मी जिंकल्यासारखं करायचे, सगळ्यांना ठाऊक असायचं. ती रीत होती. इथे मला ठाऊक नव्हतं."

"मी तसं काही मनात धरून..."

"ती अंकिता येते ना सकाळी, पाय हलवून घ्यायला. तिला मी रोज सांगते, काल जिंकले. ती म्हणते, माँसाहेब, डोकं अजून तेज आहे तुमचं, आता पायही तसाच करू. आणि मी पाय उचलते." मग भावाला म्हणाल्या, "नऊ म्हणालास ना, मान्या?"

"नऊ," मानाजीराव म्हणाले. मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, आकड्यात सूट दिली. "एखादा कमीजास्त असेल."

"दोन तर माझे आहेत. ते कोणते, ते मला कळव."

बकुळाबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आक्कासाहेबांचं संपलं नव्हतं.

"आणि बकुळा, आजपासून सोंगटी आली की मारायची. सोडलीस तर मी खोलीतून बाहेर. मान्याचं एक बरोबर आहे, बोलण्यात लक्ष जातं. मी बडबडत बसले म्हणून मला दिसलं नाही. खेळताना बोलणं बंद."

त्या दिवशी बकुळाबाईंनी आक्कासाहेबांची सोंगटी दोनदा मारली. पहिल्यांदा मारताना बोट पडद्यावर इतका वेळ थांबलं की यंत्रानं वेळ संपत आल्याची घंटा वाजवली. "मार," पलीकडून आवाज आला. त्यांनी मारली.

पुढचा महिना असाच गेला. चारला चौघं हजर असायची, राजवर्धनसुद्धा, कारण आईनं त्याला दम दिला होता. फासा पडायचा, सोंगट्या सरकायच्या, माइकवर पंखा आणि धारच्या रस्त्यावरचे हॉर्न. आक्कासाहेब हरायच्या. पुष्कळदा हरायच्या. पण हरल्यावर साडेपाचला मानाजीरावांना स्वतःहून फोन लावायच्या. कोण गेलं असं कुणी विचारायचं नाही. ओसरीत खुर्ची टाकून मानाजीराव वही उघडून बसायचे, आणि भाऊ-बहीण पटावरच्या, सोंगटी घरात शिरायच्या आधीच्या पाच घरांबद्दल तासभर बोलायची. मध्येच हसायची. लहानपणी कुणी कुणाची पतंग कापली होती तेही निघायचं. बकुळाबाई आत पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. आक्कासाहेबांचा आवाज त्यांच्यापर्यंत यायचा नाही, फक्त नवऱ्याचं "हो, हो, बरोबर" यायचं.

एकदा त्यांनी धीर केला. डाव मंद चालला होता, राजवर्धनची पाळी होती.

"आक्कासाहेब, त्या कोल्हापूरला दिलेल्या मुलीचं तुम्ही सांगत होता, ते अर्धंच राहिलं. ती परत का आली?"

"बकुळा," आक्कासाहेब म्हणाल्या. रागानं नाही, मुलाला अभ्यासाला बसवावं तसं. "तुझी पाळी आली. फासा टाक."

तीन पडले. तीन घरांवर लाल सोंगटी होती. बकुळाबाईंनी ती मारली आणि नियमाप्रमाणे मिळालेला जास्तीचा फासा टाकला.

"छान," मानाजीराव म्हणाले.

त्या महिन्याअखेर मानाजीरावांनी ग्रुपवर तक्ता टाकला. मानाजीराव, दहा विजय. बकुळा, आठ. राजवर्धन, पाच. आक्कासाहेब, चार. त्याखाली आक्कासाहेबांनी स्वतः बोलून निरोप टाकला होता, की हे चारही माझेच, आणि डॉक्टरांनी वॉकर सोडून काठी दिली आहे. ऋतिकानं खाली टाळ्यांची चित्रं टाकली.

आता हिशेब. मानाजीरावांना बहीण मिळाली, जी तीस वर्षं रक्षाबंधनापुरती होती. आक्कासाहेबांना चार खरे विजय मिळाले आणि एक काठी. राजवर्धनला काही मिळालं नाही, पण त्याचं गेलंही नाही. आणि या सगळ्याचं मोल भरलं ते बकुळाबाईंनी, आठवड्याला साडेतीन तास या दरानं. अजूनही भरतात, रोज चारला, पाच मिनिटं आधी येऊन.