गुबीचं टोपडं

सासूबाईंच्या लेकीनं मागच्या खेपेला माहेरी येताना कलांचो या फुलझाडाची कुंडी आणली, तेव्हा ती केशरी फुलांनी नुसती लगडली होती. फुलं वाळली, आणि मग वर्ष होत आलं तरी कळीचं नाव नाही. पानं मात्र बाळसं धरल्यासारखी गुबगुबीत. म्हणून सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं गुबी.

आता लेक पुन्हा यायची होती. "आई, तुझ्या हातचं झाड काही जगत नाही बघ," हे तिचं नेहमीचं. यंदा सासूबाईंना ते ऐकायचं नव्हतं. त्या उठता-बसता गुबीला पाणी पाजू लागल्या. खालची पानं मऊ पडून गळाली.

"आग्रह किती कराल, आई?" शिलाई मशीनवरून सून म्हणाली. "पोट भरलंय तिचं."

सासूबाई रोपवाटिकेत विचारून आल्या. हे झाड पाणी पानांतच साठवतं, माती कोरडी झाल्यावरच द्यायचं. दिवसा ऊन हवं. आणि कळी धरायची तर रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत गडद अंधार. दिव्याचा उजेडही नको.

पाणी आवरणं सोपं होतं. अंधार आणायचा कुठून? उन्हाची खिडकी एकच, तिच्याशीच सुनेचं मशीन, आणि तिच्या कामाला खरा नेट यायचा तो दिवेलागणीनंतर. 'दिवा मालव' म्हणायला सासूबाईंची जीभ रेटेना.

पुढे एका संध्याकाळी सुनेला मोठं पातेलं सापडेना. शोधत खोलीत आली, तर सासूबाई जमिनीवर ओणव्या, डोकं पलंगाखाली.

"आई, पातेलं तिथं काय करतंय?"

"झोपवतंय," आतून आवाज आला.

पातेलं उपडं होतं, आणि खाली गुबी. सगळं ऐकून सून आधी पोट धरून हसली, मग जरा रुसली. "मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू दिवा मालवला असतास."

कोटाच्या अस्तराचं उरलेलं काळं कापड सुनेनं काढलं, दुहेरी केलं. "उभी करा तिला. माप घेते."

टोपडं झालं, नाडीसकट. मग रोज दिवे लागायच्या आत सासूबाई ते गुबीला चढवत, नाडी ओढत आणि हळूच गुणगुणत:

नीज नीज माझे बाई, दिवा दूर गं सारिला,
तुझ्या पानांच्या कुशीत कळी येऊ दे थाऱ्याला.

"माझ्यासाठी नाही कधी गायलात," सून मशीन चालवता चालवता म्हणे.

"तू कधी वेळेवर झोपतेस?"

दोनेक महिने असेच गेले, आणि लेक आली ती नेमकी संध्याकाळी. पिशवी ठेवायच्या आत तिनं खिडकीकडे पाहिलं. "हे काळं काय? मेली ना शेवटी?" तिचा हात नाडीकडे गेला.

"वन्सं, हात लावू नका!"

"झोपलीय ती!"

"दोघींना एकदमच लागलं वाटतं वेड," म्हणत लेक हात धुवायला गेली.

सकाळी ऊन खिडकीत आलं तसं सासूबाईंनी टोपडं काढलं. पानांच्या बेचक्यांतून मोहरीएवढ्या कळ्यांचे झुबके वर आले होते. एका कळीनं ओठ जरासे उघडले होते, आत केशरी. लेक वाकून बघतच राहिली.

"आई," शेवटी ती म्हणाली, "फुलं होऊन गेली की मला हिची एक फांदी देशील? लावीन म्हणते."

"देईन की. पण तुमच्या घरी दिवे कधी मालवतात?"

लेक विचारात पडली. तोवर सुनेनं काळं अस्तर पुन्हा बाहेर काढलंही होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "नाडी कुठल्या रंगाची लावू?"