शून्य आधी

"शून्य," सीमा सिस्टर पंपाच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

"शून्य," अक्षता पुटपुटली.

"मला ऐकू आलं नाही."

अक्षताने मान वर केली. "शून्य पॉईंट पाच."

"आता दाब."

अक्षताने बटण दाबलं. काचेच्या पेटीतल्या अकराशे ग्रॅमच्या बाळाच्या नसेत औषध जाऊ लागलं. परळच्या त्या इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात, दोघींनी आकडा मोठ्याने बोलल्याशिवाय पंप सुरू होत नसे. शून्य असेल तर ते आधी बोलायचं, गाळायचं नाही. नियम दीड वर्षाचा होता. महिन्यापूर्वी आलेल्या अक्षताला तो कुणामुळे आला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

सीमा टेबलाशी येऊन बसली. फॉर्म सकाळपासून तिथेच होता. विभागातल्या पूर्वी सिस्टरला आयर्लंडच्या एका इस्पितळात नोकरी मिळत होती. इनचार्ज म्हणून सीमाने तिच्याविषयी लिहून दिलं की झालं. पाचपर्यंत पाठवायचं होतं. कामाची सफाई, वागणूक, रजा, सगळं तिने भराभर लिहिलं होतं. आठव्या प्रश्नाशी पेन थांबलं होतं. या नर्सच्या हातून औषधाची चूक कधी झाली आहे का?

कमल सिस्टर जेवणाचा डबा घेऊन समोर बसली. बावीस वर्षं दोघी याच विभागात होत्या.

"अजून तिथेच? 'नाही' लिही नि मोकळी हो गो. तिथून कोण येतंय तुझं रजिस्टर बघायला?"

"झालीय ना चूक."

"चार मिनिटांची! ते पोरगं आता चालतंय. त्याची आई परवा पेढे देऊन गेली. तूच दोन खाल्लेस."

"झालीय, कमल."

कमलने चपातीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "मग ऐक. ती तुझा उजवा हात. 'हो' लिहिलंस आणि तिचं जाणं फिसकटलं, तर सगळा स्टाफ म्हणेल, बाईने पोरीला मुद्दाम अडकवून ठेवली. मीपण म्हणेन."

"म्हण," सीमा म्हणाली आणि तिने कमलच्या डब्यातला जवळा उचलला.

दीड वर्षापूर्वीची ती दुपार सीमाला नीट आठवत होती. पूर्वीने शून्य पॉईंट पाचच्या जागी पाच लावलं होतं. बाळाचे ठोके वाढले तसं तिच्या लक्षात आलं. तिने पंप थांबवला, ठोके उतरले. डॉक्टर पलीकडच्या खोलीत होते, कुणी पाहिलं नव्हतं. आकडा बदलून पंप पुन्हा चालू केला असता तर तिथेच संपलं असतं. पूर्वी सरळ चालत गेली आणि म्हणाली, "सर, माझ्याकडून दहापट गेलंय. चार मिनिटं."

कमल डबा धुवायला गेली. सीमाने पेन उचललं आणि उरलेले दोन प्रश्न न थांबता लिहून काढले.

साडेचारला पूर्वी आली. आज तिची सुट्टी होती. प्रभादेवीहून तेवढ्यासाठीच आली होती.

"झालं का, सिस्टर?"

सीमाने कागद पुढे केला. पूर्वी उभ्यानेच वाचू लागली. आठव्या प्रश्नाशी तिचं बोट थांबलं.

"'हो' लिहिलंत?"

"पुढे वाच."

चूक तिने स्वतः पकडली, स्वतः जाऊन सांगितली, आकडा मोठ्याने बोलायचा नियमही तिनेच सुचवला, असं पुढे होतं.

"आणि एवढ्यावरून त्यांनी नाही घेतलं तर?"

"तर सोमवारी सातला ये. ड्युटी लावून ठेवलीय तुझी."

पूर्वी हसली नाही. "सिस्टर, खरं सांगा. मी जायला नकोय ना तुम्हाला?"

"नकोच आहे," सीमा म्हणाली. "म्हणून तर नीट लिहिलं. उरलेलं वाच."

शेवटचा प्रश्न होता, या नर्सवर तुम्ही विश्वास का ठेवाल? त्याखाली दोनच ओळी होत्या. 'माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी हीच चूक माझ्या हातून झाली. मी आकडा बदलला आणि घरी गेले.'

पूर्वीने त्या ओळी पुन्हा वाचल्या. तिचा आवाज खाली आला.

"बाळ?"

"बरं होऊन घरी गेलं. म्हणून कुणी विचारलं नाही."

"कमल सिस्टरना माहितेय?"

"नाही."

"पण हे पाठवायचं? खाली तुमची सही आहे."

"मग कुणाची असणार? स्कॅन कर जा. पाच वाजतील."

आतून अक्षताची हाक आली. पेटीतल्या बाळाची सिरिंज संपत आली होती. सीमाने कोपरापर्यंत हात धुतले आणि ती पंपाशी जाऊन उभी राहिली.

"शून्य," अक्षता म्हणाली. या वेळी खणखणीत.

दाराशी पोचलेली पूर्वी थांबली. कागद तिने छातीशी धरला होता.

"शून्य," सीमाने तिच्याहून मोठ्याने म्हटलं.

पूर्वी स्कॅनरच्या खोलीकडे वळली.